भेगाळलेल्या भुईचे छायाचित्र

उन्हाळा आला की नाथसागराच्या भेगाळलेल्या तळाची छायाचित्रे व्हॉट्सॲपवर फिरू लागतात. पैठणच्या याच जलाशयातून छत्रपती संभाजीनगरची तहान भागते. त्यामुळे चित्र पाहताच आपण हळहळतो आणि ते पुढे पाठवतो. मात्र ते कोणत्या वर्षीचे, हे क्वचितच विचारतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावे लागले. त्या दुष्काळातील चित्र धरण भरलेल्या वर्षीही ‘आजचे’ म्हणून फिरू शकते. शिवाय एक कोरडा उन्हाळा म्हणजे हवामान बदल नव्हे. हवामानाची सरासरी साधारणतः ३० वर्षांच्या नोंदींवरून काढतात. चौकटीबाहेर राहिलेला ऊस आणि बेसुमार उपसलेले भूजल यांचाही टंचाईत वाटा असतो. चित्र खरे असले तरी अपुरे असते. जुने चित्र उघडकीस आले की खऱ्या टंचाईवरचाही विश्वास उडतो आणि त्याची झळ टँकरची वाट पाहणाऱ्या गावाला बसते. म्हणून चित्र पुढे पाठवण्यापूर्वी तारीख, स्थळ आणि चौकटीबाहेरचे वास्तव तपासावे. भाषेच्या अभ्यासकाने चित्रही संहितेप्रमाणेच संदर्भासह वाचले पाहिजे.