मेंदूचा दाखला कशाला?

नालासोपारा-विरारच्या वस्त्यांमधून काम करताना पारलिंगी मुलांच्या आया फिरून फिरून एकच विचारतात, "ताई, माझं काय चुकलं?" दिवस असताना घेतलेली गोळी, न पाळलेलं ग्रहण, मुलाला हौसेनं घातलेला परकर... बाई स्वतःचीच झडती घेत राहते, आणि सासरची माणसं त्यात भर घालतात. हे कुणाच्या वाढवण्यानं होत नाही, याची मुळं शरीराच्या घडणीतही असावीत असं संशोधक म्हणतात, एवढं सांगितलं तरी तिला हायसं वाटतं. म्हणून या संशोधनाला मी उडवून लावणार नाही.

पण ते नेमकं काय सांगतं? १९९५ साली नेदरलँड्समधल्या शास्त्रज्ञांनी सहा पारलिंगी स्त्रियांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले. पुरुषांत मोठा असणारा मेंदूचा एक बारीकसा भाग त्यांच्यात बायकांइतका आढळला. गाजावाजा खूप झाला. मात्र सहाही जणींनी स्त्री-संप्रेरकं घेतलेली होती. आणि २००२ साली त्याच गटाला दिसलं की हा फरक मुळात प्रौढ वयातच उमटतो. मग कारण कुठलं आणि परिणाम कुठला? २०१२ सालच्या जुळ्यांच्या अभ्यासात एकसारख्या जुळ्यांच्या २३ जोड्यांपैकी ९ जोड्यांत दोघंही पारलिंगी होती. म्हणजे जन्मजात काहीतरी असावं. पण उरलेल्या १४ जोड्यांत एकच होतं, हेही त्याच अभ्यासात आहे.

मेंदू मोजण्याचा आपल्याला, बायकांना, जुना अनुभव आहे. बाईचा मेंदू पाच औंसांनी हलका, म्हणून तिची बुद्धी कमी, असं १८८७ साली इंग्लंडात रोमेन्स नावाच्या शास्त्रज्ञानं गंभीरपणे लिहिलं होतं. २०१५ साली डाफ्ना जोएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चौदाशेहून अधिक मेंदूंची चित्रं तपासली, तेव्हा पूर्ण 'बायकी' वा पूर्ण 'पुरुषी' मेंदू फारच थोडे निघाले. तरी 'बाईचा मेंदू' हा शब्द जाहिरातीतून जात नाही.

शिवाय कारण सापडलं की चाचणी येते. गर्भजलपरीक्षेविरुद्ध याच महाराष्ट्रात बायका रस्त्यावर उतरल्या, १९८८ साली देशातला पहिला कायदा इथे झाला, तरी सोनोग्राफीची यंत्रं मुली शोधतच राहिली. उद्या पारलिंगी असण्याची खूण गर्भात दिसू लागली, तर आपला समाज ती कशाला वापरेल, हे मला वेगळं सांगायला नको.

बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या पोलीस शिपाई ललिता साळवे यांचं उदाहरण घ्या. तपासणीत वाय गुणसूत्र सापडलं होतं. तरीही शस्त्रक्रियेच्या रजेसाठी २०१७ साली त्यांना उच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं; २०१८ च्या मेमध्ये परवानगी मिळाली आणि ते ललित झाले. हातात अहवाल असताना ही कथा. ज्यांच्या रक्तात काहीच 'सापडत' नाही, त्यांनी काय दाखवायचं? २०१४ च्या नालसा निकालात सर्वोच्च न्यायालयानं आपली लिंगओळख ठरवण्याचा हक्क मान्य केला, तोही शस्त्रक्रियेची अट न घालता. पण २०१९ च्या कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र मध्ये आणलंच. विरारहून पालघरला खेपा घालणारीला मेंदूविज्ञानाचा काय उपयोग? तिला भाड्याची खोली हवी असते, आणि दवाखान्यात बायकांच्या रांगेत उभं राहता यायला हवं असतं.

मैत्रिणींनो, आपल्याच गटांत "त्या जन्मानं बाई आहेत का?" हा प्रश्न निघतो. पुरुषी हिंसेनं पोळलेल्या बाईला संकोच वाटणं मी समजू शकते. त्यावर मोकळेपणी बोललं पाहिजे. पण बैठकीला येण्यासाठी आपल्यापैकी कुणाचं गुणसूत्र आजवर तपासलं गेलं नाही. नवऱ्यानं घराबाहेर काढलं, मुकादमानं हात टाकला, चौकीत तक्रार घेतली नाही, एवढं सांगून आपण आत आलो. पारलिंगी बायकाही हेच सांगत येतात. त्यांना पुढच्या बैठकीपासून बोलवावं, असं माझं मत आहे. ज्यांना पटत नाही त्यांनी जरूर लिहावं.