पुरे म्हटल्यावर थांबणारं कुत्रं

कुत्र्याला ओरडून गप्प करता येत नाही. गॅलरीत येऊन आपण ‘ए, गप!’ म्हणून गरजतो, तेव्हा त्याच्या हिशेबात एवढंच घडतं की मालकही आले, आता दोघं मिळून हाणू. ते दुप्पट जोमानं भुंकतं. मग आपण आणखी वरच्या पट्टीत. पलीकडची खिडकी आपटून बंद होते. रात्री साडेअकराला वाशिमच्या लाखाळ्यातल्या एखाद्या गल्लीत उभं राहा, हा कार्यक्रम फुकटात ऐकायला मिळेल.

सध्या आमच्या लेआउटमध्ये यावरूनच जुंपली आहे. एका घरी पुण्याहून लॅब्राडोर आला. टाळेबंदीत मुलानं हौसेनं घेतलेला. पुढं मुलाची नोकरी बदलली, फ्लॅट बदलला, नव्या घरमालकाला कुत्रा चालेना, आणि त्याची रवानगी वाशिमला आई-वडिलांकडे झाली. दोघंही साठी ओलांडलेले. एवढं दांडगं जनावर त्यांना आवरत नाही, म्हणून तो दिवसभर फाटकाशी साखळीला. घंटागाडीचं गाणं वाजलं की भुंकतो, गॅसवाला आला की भुंकतो, शाळेचा ऑटो वळला की भुंकतो. समोरच्या घरातली मुलगी ‘नीट’च्या तयारीला बसलेली. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर आधी हात जोडलेली चित्रं आली, नंतर नगर परिषदेत अर्ज देण्याची भाषा. परवा भाजी घेताना एक मावशी मला म्हणाल्या, “तुमी पेपरात लिहिता नं भाऊ? मंग ह्या कुत्र्यावर लिहा ना एकडाव.” लिहितो. पण बाजू कुत्र्याची घेणार आहे, एवढं मावशींनी पोटात घालावं.

आपल्या जिल्ह्यात कुत्रं पाळलं जायचं तेच मुळी भुंकण्यासाठी. हरभरा घाट्यावर आला की मानोरा, मंगरुळपीर, मालेगावच्या शिवारात रात्री रोही उतरतात, रानडुकरं घुसतात. जागलीला गेलेल्या माणसाचा पहाटेच्या गारठ्यात डोळा लागतोच. तेव्हा जागं राहायचं काम कुत्र्याचं. कृषिपंपाची वीज रात्रपाळीला असली की अंधारात ओलित करावं लागतं. दांडाच्या कडेला साप असो की धुऱ्यावर डुक्कर, पहिली खबर कुत्रंच देतं. रिसोडकडच्या एका शेतकरी काकांना मी विचारलं, तुमचं कुत्रं फार भुंकतं का? त्यांना माझ्या प्रश्नाचीच गंमत वाटली. “भुकलं नाई त मंग त्याले पोसाचं कायले?” आणि मग त्यांनी सहज सांगून टाकलं, “डुकरावर भुकनं येगळं, मानसावर भुकनं येगळं. खाटीवरूनच समजते.”

काकांचं हे म्हणणं हंगेरीत तपासून पाहिलेलं आहे. बुडापेस्टच्या विद्यापीठात पीटर पोंग्राट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मुडी’ नावाच्या तिकडच्या मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांचं भुंकणं वेगवेगळ्या प्रसंगी ध्वनिमुद्रित केलं: अनोळखी माणूस आल्यावर, एकटं बांधून ठेवल्यावर, चेंडू दाखवल्यावर, फिरायला न्यायची तयारी दिसल्यावर. ते लोकांना ऐकवलं आणि प्रसंग ओळखायला सांगितलं. कधी कुत्रं न पाळलेल्यांनाही तो अंदाजपंचे म्हणता येणार नाही इतका बरोबर ओळखता आला. २००५ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. खर्जातलं, खरखरीत, घाईघाईचं भुंकणं म्हणजे राग. वरच्या सुरातलं, मध्ये मोठी फट ठेवून येणारं भुंकणं म्हणजे एकटेपणा. प्रौढ लांडगा क्वचितच भुंकतो; ही वाचाळता कुत्र्यात आली ती माणसाच्या सोबतीनं, असं मानतात. म्हणजे भुंकणं हे आपल्याशीच बोलणं आहे. काका ते ऐकतात. लेआउटमध्ये आपण फक्त आवाज मोजतो.

आता फाटकाशी बांधलेल्या लॅब्राडोरच्या बाजूनं हा मामला पाहू. घंटागाडी येते. तो भुंकतो. घंटागाडी निघून जाते. गॅसवाला, पेपरवाला, मीटरचं रीडिंग घेणारा, सगळ्यांची तीच गत. ही माणसं आपापलं काम उरकून जात असतात हे त्याला कोण सांगणार? त्याच्या मते आपण भुंकलो म्हणून ती पळाली. दिवसातून दहा-वीस लढाया जिंकणारा हा शिपाई उद्या शस्त्र खाली का ठेवेल? मालक आतून कितीही ओरडोत, बक्षीस त्याला रस्त्यावरून रोज मिळतंय.

फाटक आणि कुंपण या प्रकारावर कोनराड लोरेंझ या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञानं एक बहारदार हकीकत लिहून ठेवली आहे. प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासासाठी १९७३ चं नोबेल पारितोषिक ज्या तिघांना मिळालं त्यांतले हे एक. त्यांचा कुत्रा आणि शेजारचा स्पिट्झ हे कुंपणाच्या अल्याड-पल्याड रोज एकमेकांवर तुटून पडायचे, कुंपणाच्या टोकापर्यंत धावत जायचे आणि भुंकत परत यायचे. एक दिवस दुरुस्तीसाठी कुंपणाचा एक भाग काढलेला होता. दोघं सवयीनं भुंकत धावत तिथवर पोचले, आणि मध्ये काही नाहीच. दोघंही थिजले. पुढं काय करावं कळेना. मग एकदम वळले, जिथं कुंपण शाबूत होतं तिथवर पळत गेले आणि नव्या दमानं भुंकू लागले. आमच्या ग्रुपवरच्या काही मंडळींचं भांडणही याच जातीचं आहे, पण ते असो.

तेव्हा पहिलं काम कुत्र्याचं नाही, आपलं. आठवडाभर एका वहीत लिहा: किती वाजता भुंकलं, कशावर भुंकलं, कसं थांबलं. शंभरदा भुंकण्यामागं कारणं तीन-चारच निघतील. मग दिसणारं कारण झाका. फाटकाला कुत्र्याच्या डोळ्याच्या वरपर्यंत हिरवी शेडनेट बांधा किंवा पत्रा लावा. त्याची जागा फाटकावरून हलवून घराच्या मागं न्या, आणि शक्य असेल तर साखळी काढाच. साखळीला बांधलेलं कुत्रं जवळ जाऊन वास घेऊ शकत नाही आणि पळूनही जाऊ शकत नाही. त्याच्या हाती उरतो तो फक्त आवाज. लॅब्राडोर ही तर पाण्यात उडी मारून शिकार उचलून आणण्यासाठी घडवलेली जात. तिला दिवसभर फाटकाशी बसवायचं आणि वर शांतता मागायची, हा अन्याय आहे. सकाळ-संध्याकाळ फिरवायला हवं. आपल्याकडच्या मे महिन्यात ते पहाटे आणि दिवेलागणीनंतरच. दुपारच्या डांबरावर पंजे भाजतात. वडिलांना ओढ झेपत नसेल तर कॉलेजात जाणाऱ्या एखाद्या शेजारच्या पोराला महिन्याचे चार पैसे द्या. फिरताना त्याला हुंगू द्या. विजेच्या प्रत्येक खांबाशी तो थांबतो म्हणून ओढू नका. ते त्याचं पेपर वाचणं आहे.

आता ‘पुरे’ शिकवणं. शब्द कुठलाही चालेल, फक्त ‘बस’ नको. तो आपण खाली बसण्यासाठीही वापरतो आणि कुत्र्याचा गोंधळ उडतो. खिशात उकडलेल्या अंड्याचे किंवा पनीरचे बारीक तुकडे ठेवा. कुत्रं दोन-तीनदा भुंकलं की त्याच्याजवळ जा, तुकडा नाकाशी धरा. हुंगायला लागलेलं कुत्रं त्याच वेळी भुंकू शकत नाही. तोंड मिटलं त्या क्षणी साध्या आवाजात ‘पुरे’ म्हणा आणि तुकडा द्या. आरडाओरडा नाही, बोट नाचवणं नाही. आधी दोन सेकंदांच्या शांततेला बक्षीस, मग पाच, मग दहा. रोज थोडा वेळ, दिवसातून दोन-तीनदा. खरा कस घंटागाडीच्या वेळी लागणार, म्हणून त्या गाण्याची तयारी आधी घरात करा: मोबाईलवर ते रेकॉर्ड करून घ्या, अगदी बारीक आवाजात लावा, सोबत खाऊ द्या, आणि काही दिवसांत आवाज हळूहळू वाढवत न्या. ज्या आवाजाला कुत्रं कान टवकारतं पण भुंकत नाही, तिथं थोडं थांबून मगच पुढं सरकायचं. घाई केली तर पुन्हा पहिल्यापासून. खाऊ म्हणून चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा मात्र कधीच नाही; कुत्र्याला ते विषासमान.

एक प्रकार वेगळा आहे: आपलं लक्ष वेधण्यासाठी भुंकणं. आपण जेवायला बसलो की सुरू होतं ते. त्यावर उपाय एकच, न पाहणं. पाठ फिरवायची, बोलायचं नाही, रागवायचंही नाही, कारण रागावणं हेही लक्ष देणंच. इथं बहुतेक घरं हरतात. दुर्लक्ष सुरू केलं की भुंकणं आधी वाढतं. नेहमीचा उपाय चालेना म्हणून कुत्रं जोर लावून पाहतं. हाच टप्पा ओलांडायचा असतो, आणि नेमकी याच वेळी आजी हळूच बिस्किट टाकते. “भुकेलं असंन बिचारं!” आता कुत्र्याला कळलं, की पाच मिनिटं नाही, पंधरा मिनिटं भुंकावं लागतं. कधी मिळतं, कधी मिळत नाही अशा बक्षिसाची चटक मटक्याच्या आकड्यासारखी असते. सुटता सुटत नाही. म्हणून घरातल्या सगळ्यांचं आधी एकमत हवं. कुत्र्याच्या शिक्षणातला हा सगळ्यात अवघड धडा आहे आणि तो कुत्र्यासाठी नाही.

गप्प राहायला कुत्रं शिकतं का, अशी शंका असेल त्यांनी मुंबई पोलिसांचा ‘जंजीर’ आठवावा. तोही लॅब्राडोरच. १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर त्यानं ३,३२९ किलो आरडीएक्स हुडकून दिलं. स्फोटकं शोधणाऱ्या कुत्र्याला वास लागला की भुंकायला, उकरायला नव्हे, तर त्या जागी स्थिर बसून खूण करायला शिकवतात. तिथं एक भुंकणंही महागात पडू शकतं. २००० साली जंजीर गेला तेव्हा पोलिसांनी त्याला मानवंदना देऊन निरोप दिला. आणि इतक्या लांब तरी कशाला जायचं? नृसिंह सरस्वतींचं जन्मगाव कारंजा आपल्याच जिल्ह्यात. दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री असतात, त्यांना आपण चार वेद म्हणतो, त्यांच्यासमोर हात जोडतो. आणि देवळाबाहेर आलो की पहिला दगड कुत्र्यालाच.

दगडावरून आठवलं. कुत्र्याच्या गळ्यात बांधायचे विजेचा झटका देणारे पट्टे ऑनलाईन मिळतात. घेऊ नका. ब्रिटनमधल्या वेल्सनं २०१० मध्येच त्यांवर बंदी घातली. झटका बसला की कुत्रं भुंकायचं थांबेलही, पण समोरच्या लहान मुलाकडे पाहताना झटका बसला तर त्याच्या लेखी दोषी ते मूल ठरतं, आणि न भुंकता थेट चावणारं कुत्रं तयार होतं. तोंड फडक्यानं बांधणं त्याहून वाईट. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. ते धापा टाकून अंग थंड करतं. वाशिमच्या उन्हाळ्यात तोंड बांधलेलं कुत्रं मरू शकतं.

कायद्याचं म्हणाल तर तो दोन्ही बाजूंनी आहे. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेसाठी ४५ डेसिबलची मर्यादा सांगतात. आणि प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याचं अकरावं कलम सांगतं, की कायम साखळीला बांधलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवलं नाही तर तो मालकाचा गुन्हा आहे. अर्ज देणाऱ्यांनी पहिला नियम शोधून काढलाय. दुसरा कुणी वाचलेला दिसत नाही.

रस्त्यावरच्या कुत्र्यांचा रात्रीचा कोरस हा निराळा विषय. त्याला पाळलेलं कुत्रं उत्तर देणारच. तिथं भटक्या कुत्र्यांबाबतच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे पकडून नसबंदी, रेबीजची लस आणि त्याच भागात परत सोडणं, हे काम नगर परिषदेनं करायचं आहे. अर्ज द्यायचाच असेल तर त्यासाठी द्या. तोवर आपलं कुत्रं रात्री दहानंतर घरात घ्या. व्हरांड्यात नव्हे, आत. आणि आयुष्यभर शांत असलेलं कुत्रं उतारवयात एकाएकी रात्री-बेरात्री भुंकू लागलं, तर शिकवायला बसू नका, आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. दुखणं असेल, कमी ऐकू येत असेल, कमी दिसत असेल.

शेवटची विनंती शेजाऱ्यांना. कुत्रं एकटेपणानं भुंकतं तेव्हा मालक घरी नसतात. त्यांनी ते भुंकणं कधी ऐकलेलंच नसतं. म्हणून तुम्ही तक्रार केली की त्यांना ती खोटी वाटते आणि भांडण पेटतं. ग्रुपवर लिहिण्याऐवजी एक चिठ्ठी त्यांच्या घरी द्या. तीत शिव्या नकोत, वेळा लिहा: सोमवारी अकरा ते साडेअकरा, मंगळवारी दुपारी दोनपासून. त्यांच्या वहीतली अर्धी पानं तुमच्याशिवाय भरणार नाहीत.