मकराचे वकीलपत्र

बिदर किंवा कलबुर्गीहून कोणत्याही दिशेला निघालात तरी साडेतीनशे किलोमीटरच्या आत समुद्र लागत नाही. आमच्याकडच्या कितीतरी आज्या मासा म्हणजे मांजरेचा नाहीतर भीमेचा, एवढेच जाणून गेल्या. आणि नेमक्या याच कोरड्या मुलखात समुद्रातल्या सगळ्यांत अजस्र जनावराची वस्ती दाट आहे. कल्याणीच्या चालुक्यांच्या अमदानीत जलसंगीपासून काळगीपर्यंत जी देवळे उठली, त्यांच्या घडणीत मकर ठरलेलाच. कोनाड्यावर तोरण आले की त्याच्या दोन टोकांना दोन मकर आलेच.

प्रथम या प्राण्याचे वर्णन नोंदवून ठेवू, म्हणजे पुढच्या भांडणात जनावर बदलायला नको. सोंड हत्तीची, जबडा मगरीचा, पाय बहुधा सिंहाचे, आणि शेपटाच्या जागी मोराच्या पिसाऱ्यासारखी फुललेली वेलबुट्टी, जी कुठे संपते हे मकरालाही ठाऊक नसावे. कायम जोडीने राहतो, पण जोडीदार तोरणाच्या दुसऱ्या टोकाला; मध्ये कीर्तिमुख डोळे वटारून बसलेले. तोंड सदैव उघडे. त्यातून माळ, माणूस किंवा योद्धा बाहेर येताना दिसतो. तो बाहेर येतोय की आत जातोय, याचा निकाल अजून लागलेला नाही. वाहन म्हणून वरुण आणि गंगा दोघांकडे नोकरी, शिवाय कामदेवाच्या ध्वजावर जादा कामगिरी. पिल्लू आजवर कोणाच्या पाहण्यात नाही. प्रजेची एकच पौराणिक नोंद आहे ती मकरध्वजाची. हनुमंताच्या घामाचा थेंब मगरीने गिळला आणि हा मुलगा झाला. आनुवंशशास्त्राच्या अभ्यासकांनी या नोंदीपासून लांब राहिलेलेच बरे.

आता पूर्वपक्ष. देवळे दाखवत हिंडणारे वाटाडे, निवृत्त मास्तर आणि सहलीची माहितीपत्रके यांचे एकमत आहे की मकर म्हणजे मगर. समुद्र न पाहिलेल्या पाथरवटाने ऐकीव गोष्टींवर छिन्नी चालवली आणि मगरीला सोंड फुटली. बिचाऱ्याचा दोष नाही, त्याला कळत नव्हते.

हा ‘बिचारा’ मला सहन होत नाही. मगर पाहायला समुद्र कशाला हवा? ती नदीतली. बिदर जिल्ह्यातून वाहणारी मांजरा पुढे तेलंगणात संगारेड्डीकडे जाते, तिथे मगरींसाठी अभयारण्य आहे. ज्या पाथरवटाच्या गावची गुरे असल्या नदीवर पाणी पीत, त्याला सुसरीचा जबडा शिकवायला कोणी जायला नको होते. आणि ऐकीव माहितीचाच दोष असेल तर ती सोंड पाहा. मकराची सोंड चुकलेली नाही. हत्तीची सोंड जशी वळते तशीच ती वळते. ज्या हाताला हत्ती इतका नेमका येतो, त्याच हाताला मगर तेवढी येत नव्हती असे म्हणणे म्हणजे स्वयंपाकिणीला पुरण जमते पण वरण जमत नाही असे म्हणण्यासारखे आहे.

पूर्वपक्षाला याहून अवघड प्रश्न इतिहास विचारतो. बिहारमध्ये बराबर टेकड्यांत लोमश ऋषी नावाचे मौर्यकाळातले लेणे आहे. त्याच्या दाराच्या कमानीत हत्तींची रांग आहे आणि दोन टोकांना मकर. हे मकर बरेचसे मगरीसारखेच आहेत. तिथून चालुक्यांपर्यंत यायला तेराशे वर्षे लागली. या तेराशे वर्षांत व्यापार वाढला, जहाजे वाढली, प्राण्यांची माहिती वाढली. मकर अज्ञानातून जन्मला असता तर जसजसे कळत गेले तसतसा तो मगरीकडे सरकायला हवा होता. झाले उलटेच. त्याला सोंड आली, सिंहाचे पाय आले, शेपटीला पालवी फुटली. माहिती वाढेल तसा तो जास्त खोटा होत गेला. अज्ञानाची वाट अशी उलटी जात नसते.

आणि कल्याणीत माहिती होती का, याचा पुरावा तर घरातच आहे. कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण. तिथला राजा तिसरा सोमेश्वर 1126 साली गादीवर आला आणि त्याने ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ सिद्ध केला. मराठी वाचकाला तो माहीत असतो तो ओवीच्या उल्लेखामुळे. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या गातात हे राजाने टिपून ठेवले, म्हणून आपण त्याच्यावर खूश. पण याच ग्रंथात मत्स्यविनोद नावाचे एक प्रकरण आहे, गळ टाकून मासे धरण्याविषयीचे. त्यात माशांच्या पस्तीसच्या आसपास जाती आहेत. खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते, मोठे, मध्यम, लहान, समुद्रातले, नदीतले अशी फोड आहे. गळाची दोरी कशी असावी, कोणत्या माशाला कोणते खाद्य टाकावे, सगळे आहे. सुंदरलाल होरा हे विसाव्या शतकातले नामांकित मत्स्यतज्ज्ञ, भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे प्रमुख. त्यांना या प्रकरणावर 1951 साली स्वतंत्र निबंध लिहावासा वाटला. समुद्रापासून इतक्या दूर बसून राजा समुद्री माशांची खवले तपासत होता, त्याच्याच राज्यात देवळांच्या तोरणांवर मकर सोंड हलवत होते, आणि दोघांनाही एकमेकांची अडचण झाली नाही.

इथे एक शहाणा आक्षेप येतो, तो टाळणे बरे नाही. राजाच्या ग्रंथातले पाथरवटाला काय माहीत? संस्कृत ग्रंथ दरबारात, छिन्नी उन्हात. मान्य. पण गळ टाकणारे, जाळी ओढणारे, माशांची नावे सांगणारे हात राजाचे नव्हते. ग्रंथातली माहिती खालून वर गेलेली आहे. ती ज्यांनी पुरवली त्यांचेच भाऊबंद पाथरवटाच्या गावात राहत होते.

दुसरा पूर्वपक्ष पहिल्याच्या अगदी उलट आहे आणि हल्ली मोबाइलवर फार फिरतो. आपल्या पूर्वजांना सगळे ठाऊक होते, हा त्याचा पाया. मकर आणि तिमिंगिल हे नामशेष झालेले खरेखुरे जलचर. पूर्वजांनी ते पाहिले, आपण विसरलो. या मंडळींना मी आधी थोडा दारूगोळा पुरवतो. सुश्रुतसंहितेत समुद्री माशांच्या यादीत तिमि, तिमिंगिल आणि मकर तिघेही आहेत, आणि अशा माशांचे मांस जड, स्निग्ध, मधुर आणि कफ वाढवणारे असते हेही लिहिले आहे. तिमि म्हणजे प्रचंड मासा, त्याला गिळणारा तिमिंगिल, त्यालाही गिळणारा तिमिंगिलगिल, आणि त्यालाही गिळणारा राघव नावाचा कोणी आहे असे एक सुभाषित सांगते. एवढ्या उतरंडीत मधल्याच्या मांसाने कफ होतो हे ज्या वैद्याने तपासले, त्याची ताटली केवढी असेल हा विचार मला नेहमी सुखावतो. आमच्याकडच्या कन्नड वर्तमानपत्रांनी मात्र व्यवहार पाहिला: बडा लाचखोर अधिकारी सापडला की तो तिमिंगिल.

आता दारूगोळा परत घेतो. इथे समुद्र नव्हता असे कोणी म्हणत असेल तर ते चूक आहे, समुद्र होता. मराठी घराघरांत पायाखाली असते ती शहाबादी फरशी कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादची. ती ज्या चुनखडीची, ती भीमा खोऱ्यातल्या एका उथळ प्राचीन समुद्राच्या तळाशी साचलेली आहे. म्हणजे आपली मोरी, आपला ओसरा हा समुद्राचा तळ आहे. कनगनहळ्ळीच्या स्तूपाशी ज्या शिळेवर अशोकाचे नाव कोरलेली प्रतिमा सापडली, तीही याच भागातल्या चुनखडीची. सेडम, वाडी, मळखेड इथले सिमेंटचे कारखाने याच समुद्राची रोज पोती भरतात.

पण त्या समुद्रात राहत कोण होते? तो समुद्र इतका जुना की हाडामांसाचा एकही प्राणी तेव्हा पृथ्वीवर आलेला नव्हता. त्याच्या गाळात, हळकल इथल्या पाषाणात, सापडतात त्या चुआरिया नावाच्या गोल काळ्या चकत्या, काही मिलिमीटरच्या. त्या समुद्रातली नजरेला दिसणारी सृष्टी जवळपास एवढीच. तिमिंगिलाने त्यांच्यातली एखादी गिळली असती तर तिला दातात अडकायलाही जागा नव्हती. मग पूर्वजांनी पाहिले काय? आमच्या भागाची गंमत अशी, की समुद्र होता तेव्हा जनावर नव्हते, आणि जनावर आले तेव्हा समुद्र नव्हता. दोघांची गाठ कधीच पडली नाही.

खरे म्हणजे या पुरातन-ज्ञान पक्षाचा हेतू चांगला असला तरी मकराशी वागणूक वैऱ्याची आहे. काल्पनिक प्राण्याला खरे ठरवले की त्याचे काय होते, हे युरोपने पाहिले आहे. अठराव्या शतकात नॉर्वेतल्या बर्गेनचे बिशप पोंटोपिदान यांनी त्या देशाच्या निसर्गेतिहासात क्राकेन या समुद्रराक्षसाची गंभीरपणे नोंद केली, त्याचा घेर दीड मैलाचा धरला. पुढे 1857 साली डेन्मार्कच्या स्टीनस्ट्रुप यांनी अजस्र माकूळ या प्राण्याला शास्त्रीय नाव दिले. दीड मैलाचा राक्षस आता सारे मिळून बारा-तेरा मीटरचा झाला, बरणीत तुकड्यांनी बसू लागला. शास्त्राच्या दृष्टीने हा मोठा लाभच, त्याविषयी माझी तक्रार नाही. राक्षसाला मात्र विचारून पाहा.

तिसरा पक्ष व्याख्यात्यांचा. त्यांना मकर आमच्या सीमाभागाचे प्रतीक वाटतो: मराठी, कन्नड, उर्दू, तेलुगू असे चार प्राण्यांचे अवयव एका देहात नांदताहेत, वगैरे. टाळ्या पडतात. पण मग सोंड कोणाची आणि शेपूट कोणाचे हे ठरवायला आयोग नेमावा लागेल, आणि आयोगांचा आमचा अनुभव बरा नाही. मकराला एवढे काम देऊ नये. त्याला वरुणाची नोकरी पुरे आहे.

तर मग मंडन काय? मकर हा कळून-सवरून केलेला प्राणी आहे. खरा मासा हवा होता तेव्हा कल्याणीने तो खवल्यांसकट ग्रंथात लिहिला. खोटा हवा होता तेव्हा तो दगडात कोरला. आणि दोन वह्या एकमेकांत मिसळल्या नाहीत. आपल्याकडे मात्र त्या रोज मिसळतात. जो मगर जाणतो त्यालाच मकर नीट रचता येतो, कारण कुठे थांबले तर मगर राहील आणि कुठे पुढे गेले तर नुसती वेलबुट्टी उरेल, हे त्याला माहीत असते.

आणि समुद्रापासूनचे अंतर ही उणीव नव्हे. तिमिंगिलाचे सगळ्यांत प्रसिद्ध शिल्प भारहुतच्या स्तूपावरचे. प्रचंड मासा होडी गिळायला निघाला आहे, आणि वसुगुप्त नावाच्या माणसाची तिमिंगिलाच्या पोटातून महादेवाने सुटका केली असे त्यावर कोरले आहे. भारहुत मध्य प्रदेशात सतना जिल्ह्यात. तिथून समुद्र आमच्याहून दूर. किनाऱ्यावर कोळी असतो, तो दुसऱ्या दिवशी सकाळी माप सांगून गोष्ट मोडतो. आत पठारावर मोडणारा कोणी नाही, पण त्याचबरोबर फसणाराही कोणी नाही. जलसंगीचा शेतकरी मकराच्या भीतीने विहिरीवर जायचा थांबला, असे कधी कोणी ऐकले आहे?

अफनासी निकितिन या रशियन व्यापाऱ्याची साक्ष काढून संपवतो, कारण तो तीन समुद्र ओलांडून पंधराव्या शतकात बिदरला आला होता. इतके पाणी पाहिलेल्या माणसाच्या टिपणांतले विलक्षण जनावर कोणते? आळंदचा गुकुक नावाचा पक्षी. रात्री ओरडतो, ज्याच्या घरावर बसेल त्या घरात माणूस मरतो, आणि मारायला जावे तर चोचीतून आग निघते. आळंद कलबुर्गी जिल्ह्यातले, तिथे घोड्यांची जत्रा भरे. घोडा विकायला आलेल्या परदेशी माणसाला ही गोष्ट कोणी सांगितली असेल, ती कोणत्या सुरात सांगितली असेल, आणि तो लिहून घेत असताना बाकीचे कुणीकडे पाहत असतील, हे आळंदकडच्या माणसाला वेगळे सांगायला नको. निकितिनने ते खरे मानून उतरवले. सांगणाऱ्याने मानले होते असे मला वाटत नाही. मकर कोरणाऱ्यानेही मानले नसावे. म्हणून माहितीपत्रकवाल्यांना एकच विनंती: चित्राखालचा ‘मगर’ हा शब्द खोडा, ‘मकर’ लिहा, आणि ‘अज्ञानामुळे’ हा शब्द काढून ती जागा मोकळी सोडा.