विश्वास ‘बसतो’, क्रेडिबिलिटी ‘मिळवतात’

गेल्या वर्षी इंग्रजीच्या तासाला एक मित्र उभा राहून म्हणाला, ‘आय केप्ट बिलीफ ऑन हिम.’ वर्ग खो खो हसला. त्याला सांगायचे होते ते खरे होते, महत्त्वाचेही होते. पण त्या एका क्रियापदापायी पुढचे कोणी ऐकलेच नाही. विश्वासाविषयी बोलता बोलता बोलणाऱ्यावरचाच विश्वास उडाला. हसलो मीही. आता त्याची लाज वाटते.

दोष त्याच्या अकलेचा नव्हता. मराठीत आपण विश्वास ‘ठेवतो’. त्याने तेच क्रियापद उचलून तिकडे नेले. इंग्रजीत क्रेडिबिलिटी ‘गेन’ करतात, ‘लूज’ करतात; एखादा पुरावा ती ‘लेंड’ करतो, म्हणजे उसनी देतो; आणि विरोधक ती ‘अंडरमाइन’ करतात, म्हणजे तटाखाली सुरुंग खणतात. सारा व्यवहार जणू बोलणाऱ्याच्या मालमत्तेचा! आपल्याकडे विश्वास ऐकणाऱ्याजवळ असतो. तो आपल्या मर्जीने बसतो आणि उडतो तोही पाखरासारखा.

माझी आजी 12 जुलै 1961 ची गोष्ट सांगे. पानशेत फुटल्याची आरोळी त्यांच्या नारायण पेठेतल्या वाड्यात दिली ती एका नावाजलेल्या थापाड्या पोराने. ‘विश्वासच बसेना,’ ती म्हणे. ‘ठेवला नाही’ असे कधी म्हणाली नाही. शेवटी पाणी ओट्याला लागले तेव्हा बसला.

‘पत’ मात्र माणसाची स्वतःची. ती बाजारात असते, वाढते, राखावी लागते, जाते. इंग्रजीतले क्रेडिट आणि क्रेडिबिलिटी एकाच लॅटिन धातूचे. तेव्हा वाण्याच्या वहीतली ही पतच क्रेडिबिलिटीची खरी सोयरीक. पण वर्तमानपत्रांना ‘विश्वासार्हतेवर प्रश्नचिन्ह’ लिहिण्याची कोण हौस! ‘पत गेली’ लिहिले तर मंडईतल्या भाजीवालीलाही कळेल.

प्राध्यापक मंडळींना एक विनंती. ‘क्रेडिबिलिटी म्हणजे विश्वासार्हता’ एवढे फळ्यावर लिहिले की परीक्षेपुरते भागते, पण तोंडात वाक्य येत नाही. शब्द देताना त्याची चार क्रियापदेही द्या, आणि शेजारी मराठीतली मांडा. दोन भाषांचे स्वभाव कुठे जुळत नाहीत ते मुलांना तिथेच दिसेल.

तो मित्र यंदा शेवटच्या बाकावर बसतो. इंग्रजीच्या तासाला तोंड उघडत नाही.