तिजोरीतला सोर्स कोड

मंगळवेढ्यासारख्या तालुक्याच्या गावी आज कोणत्याही पतसंस्थेत पाऊल टाकले, तर कीर्द आणि खतावणी या ज्या दोन वह्यांवर पूर्वी साऱ्या व्यवहाराची इभ्रत अवलंबून असे, त्या बहुधा संगणकाच्या पडद्याआड गेलेल्या दिसतात. ठेवीवरील व्याज आज्ञावली काढते, थकबाकीदारांची यादी आज्ञावली करते, आणि लेखापरीक्षक आला म्हणजे त्याच्यापुढे जे कागद ठेवले जातात तेही तिनेच छापलेले असतात. अशी आज्ञावली करून घेताना दूरदर्शी संचालक करारनाम्यात एक कलम घालून ठेवतात, की तिचा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड, संस्थेच्या हवाली करण्यात यावा. आणि तो एकदा तिजोरीत बंद झाला, म्हणजे पुढे कंत्राटदार राहिला काय नि गेला काय, आपले काही अडणार नाही, अशी त्यांची समजूत असते. ही समजूत निराधार आहे, एवढेच सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

सोर्स कोड ही चालती वस्तू नव्हे. माणसांनी लिहिलेल्या शेकडो फायलींपासून यंत्राला चालविता येईल असे काही सिद्ध करायचे, तर कंपायलर कोणता, त्याची आवृत्ती कोणती, बाहेरून आणलेल्या लायब्ररी कोणकोणत्या, कोणती फाइल आधी घ्यायची आणि कोणती मागाहून, या साऱ्याची नोंद कोठेतरी असावी लागते. ती नोंद आणि ती वाचून काम उरकणारे अवजार मिळून बिल्ड सिस्टीम होते. नोंद अपुरी असली, आणि ती अपुरी असण्याचाच शिरस्ता आहे, तर उरलेला भाग एखाद्या प्रोग्रॅमरच्या लॅपटॉपवर आणि डोक्यात राहतो. त्याने नोकरी सोडली की तिजोरीतल्या मजकुरातून काहीही उभे राहत नाही.

बांधणीच्या, म्हणजे बिल्डच्या, या कामाला व्यवसायात प्रतिष्ठा नाही. ते सर्वांत नवख्या मुलाकडे सोपवावे, त्याने मागच्या प्रोजेक्टमधली फाइल उचलून आणावी, चार नावे बदलावीत, आणि बिल्ड एकदा पास झाला की ‘चालतंय ना, मग हात लावू नको’ असा हुकूम सुटावा, अशी सर्वत्र वहिवाट. अभ्यासक्रमातही प्रोग्रॅमिंगच्या भाषांना जे स्थान आहे, ते बांधणीला नाही. म्हणून येथून पुण्यास नोकरीला गेलेल्या मुलाकडे पहिल्याच आठवड्यात बिल्ड फेल होतो, आणि शेजारचा वरिष्ठ ‘माझ्या मशीनवर तर चालतं’ म्हणून मोकळा होतो.

वास्तविक या अवजारांची विद्या जुनी आहे. १९७६ साली बेल लॅब्जमध्ये स्ट्युअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ लिहिले. कोणती फाइल कशापासून होते ते सांगावे, खाली ती करण्याची आज्ञा लिहावी, आणि मेकने फायलींवरच्या वेळा ताडून जेवढे शिळे झाले तेवढेच पुन्हा बांधावे, अशी त्याची योजना. आज्ञेच्या ओळीच्या आरंभी मात्र टॅब हवा. तेथे आठ स्पेस दिल्या तर डोळ्यांना तंतोतंत तेच दिसते, आणि मेक ‘मिसिंग सेपरेटर’ म्हणून अडून बसते. हा दोष फेल्डमन यांच्या ध्यानात लवकरच आला होता, पण तोवर डझनभर लोक मेक वापरू लागले होते आणि त्यांची घडी विस्कटू नये म्हणून तो तसाच राहिला. त्या डझनभरांच्या सोयीचा भुर्दंड जग अजून भरते आहे.

आणि केवळ गैरसोयीवर भागते असेही नाही. मार्च २०२४ च्या अखेरीस, लिनक्सच्या संगणकांवर सर्रास आढळणाऱ्या ‘एक्सझेड’ या फायली आवळणाऱ्या साधनात चोरवाट सापडली. ‘जिया टॅन’ हे नाव धारण केलेल्या कोणी इसमाने दोन वर्षांहून अधिक काळ निष्ठेने काम करून मुखत्यारी मिळविली, आणि मग जो घात केला तो सर्वांच्या नजरेखालून जाणाऱ्या मजकुरात नव्हे: घातक भाग चाचणीच्या नमुना फायलींत दडवला होता, आणि तो बाहेर काढून बांधणीत मिसळण्याची सुरुवात करणारी स्क्रिप्ट ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांच्या वाटपाच्या गठ्ठ्यांतच होती, उघड्या भांडारात नव्हती. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतो एवढ्यावरून संशय आला, आणि त्याने पिच्छा पुरविला, म्हणून निभावले. कोड वाचणारे पुष्कळ होते. बांधणीचे दप्तर कोणी वाचत नव्हते.

आमच्या गावच्या दामाजीपंतांच्या कथेत विठू महार बिदरला धान्याचे नुसते मोल पोचते करून परतत नाही, बादशहाची पावती घेऊन येतो. सॉफ्टवेअरमध्ये अशी पावती, म्हणजे हाती आलेली वस्तू दाखविलेल्या सोर्स कोडपासूनच झाल्याची खात्री, मिळविण्याचा मार्ग ‘डेबियन’ या लिनक्सच्या वितरणाचे स्वयंसेवक २०१३ पासून चोखाळीत आहेत: एकाच सोर्स कोडपासून दोन निरनिराळ्या माणसांनी निरनिराळ्या संगणकांवर बांधणी केली, तर दोन्ही वस्तू अखेरच्या बिटापर्यंत सारख्या निघाल्या पाहिजेत. ऐकायला सोपे, पण बांधणीची तारीख, फोल्डरचा पत्ता, फायलींचा क्रम अशा क्षुल्लक बाबी निमूटपणे आत शिरतात आणि ताळा चुकवितात.

तालुक्याच्या पतसंस्थेने एवढे सोवळे पाळावे असा माझा आग्रह नाही. माझी सूचना मर्यादित आहे. अखेरचा हप्ता चुकता करण्यापूर्वी एक कोरा संगणक मांडावा, कंत्राटदाराच्या माणसाला खोलीबाहेर चहा द्यावा, आणि पंढरपूर-सोलापूरकडील अभियांत्रिकी महाविद्यालयातला एखादा होतकरू विद्यार्थी रीतसर मेहनताना देऊन बसवून, हवाली झालेल्या कागदांवरून आणि कोडावरूनच त्याच्याकडून बिल्ड करून घ्यावा. व्यापारी गुपिताची सबब कंत्राटदार पुढे करील. परंतु ज्याने सोर्स कोड देण्याचे कबूल केले, त्याला तो बांधण्याची रीत गुप्त ठेवण्याचा अधिकार कोणत्या न्यायाने पोचतो, हे मला उमगत नाही. पहिल्या खेपेस बिल्ड फेल होईल, याबद्दल मला फारशी शंका नाही. कोणती लायब्ररी नोंदलेलीच नव्हती, डेटाबेसचा पासवर्ड कोणत्या फायलीत उघडा लिहून ठेवला होता, याची त्या दिवशी जी यादी निघेल, ती संचालक मंडळाच्या इतिवृत्ताला जोडावी, आणि हप्ता पुढील सभेपर्यंत राखून ठेवावा.