कागदावरची यारी

अक्ष राष्ट्रं म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? जर्मनी, इटली, जपान, एकदम घट्ट गँग. परीक्षेत तेवढं पुरतंही. पण जर्मनी-जपानच्या तारखा जरा लावून बघा. माझ्या मते ही दोस्ती फोटोपुरतीच होती.

२५ नोव्हेंबर १९३६ला बर्लिनमध्ये दोघांनी कॉमिन्टर्नविरोधी करार केला. आणि तेव्हा जर्मन लष्करी सल्लागार कुठे होते? चीनमध्ये, चँग कै-शेकचं सैन्य घडवत! १९३७मध्ये जपान चीनवर तुटून पडला, तेव्हा समोरच्या काही तुकड्या जर्मनांनीच तयार केलेल्या होत्या. हिटलरने सल्लागार परत बोलावले ते थेट १९३८मध्ये.

खरा बॉम्ब तर पुढेच फुटला. ऑगस्ट १९३९. मंगोलियाच्या सीमेवर, खाल्खिन गोलला, सोव्हिएत रणगाडे जपानी सैन्याला चिरडतायत. आणि नेमकं २३ तारखेला जर्मनी मॉस्कोत जाऊन स्टॅलिनशी अनाक्रमण करार करते. जपानला विचारलंसुद्धा नाही. काही दिवसांतच पंतप्रधान हिरानुमांचं सरकार पायउतार झालं. युरोपातली परिस्थिती फारच गुंतागुंतीची आणि अजब झालीय, म्हणे. (ब्रेकअपचं याहून प्रामाणिक कारण मी तरी ऐकलेलं नाही.)

तरी २७ सप्टेंबर १९४०ला इटलीला घेऊन त्रिपक्षीय करार झालाच. का? फ्रान्स पडला होता, आग्नेय आशियातल्या वसाहती जपानला खुणावत होत्या. प्रेमबिम काही नाही. एप्रिल १९४१मध्ये जपानने मॉस्कोशी तटस्थतेचा करार करून हिशोब चुकता केला. जूनमध्ये हिटलर रशियात घुसला, आणि जपान बाजूला उभा राहून बघत बसला.