शनी, त्याचे चंद्र आणि आपली साडेसाती

वाचकहो, गेल्या महिन्यात शहादा तालुक्यातील एका घरी सोयरिकीच्या बैठकीला आम्ही गेलो होतो. मुलगी डी.एड. झालेली, मुलगा नोकरीला. सर्व जुळत आले, आणि मुलाच्या मावशीने विचारले, "मुलीला साडेसाती तर नाही ना?" भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर! मुलीने मान खाली घातली. बोलणी तिथेच थांबली.

नंदुरबार तालुक्यात शनिमांडळ नावाचे गावच आहे. साडेसातीच्या धास्तीने लोक तेथे दर्शनाला जातात. म्हणून या खेपेला शनीचाच हिशेब मांडू. आम्ही पडलो बी.कॉम., पण हिशेब आम्हाला कळतो.

शनीचे कडे म्हणजे अखंड तबकडी नव्हे. बर्फाचे असंख्य कण व गोळे शनीभोवती फिरत असतात. या कड्यात कीलर नावाची सुमारे ४० कि.मी. रुंद फट आहे. २००५ साली कॅसिनी यानाला त्या फटीत डॅफ्निस हा चंद्र सापडला. आकार अवघा ८ कि.मी.! फटीच्या आतल्या बाजूचे कण त्याच्यापेक्षा वेगाने पुढे जातात, बाहेरचे मागे पडतात. त्याच्या ओढीने आतल्यांचा जोर थोडा कमी होतो व ते आणखी आत सरकतात. बाहेरच्यांना तो जोर मिळतो व ते बाहेर सरकतात. वाट मोकळी राहते, पण काठावर लाटा उठतात. २००९ साली त्यांच्या सावल्या मोजल्या, तेव्हा काही लाटा दीड किलोमीटरपर्यंत उंच निघाल्या. युरेनसच्या एका कड्याला तर कॉर्डेलिया व ऑफेलिया हे चंद्र दोन बाजूंनी आवरून धरतात, आपल्याकडचे ठेलारी मेंढरांचा कळप आवरतात तसे. म्हणूनच त्यांना मेंढपाळ चंद्र म्हणतात.

एवढ्याशा चंद्राचे इतके चालते, कारण तो जवळ आहे. अंतर दुप्पट झाले की ओढ चौथाईवर येते. शनी तर आपल्यापासून जवळात जवळ म्हटला तरी सुमारे १२० कोटी कि.मी. दूर. तो कुणाची सोयरीक मोडायला येणार कसा?

सोयरीक मोडतो तो जवळचा माणूस. मावशीबाईंनी एक प्रश्न विचारला आणि आम्ही जाणते म्हणवणारे गप्प बसलो. त्या मुलीच्या वाटेत शनी नव्हता, आमचे गप्प बसणे होते.

येत्या रविवारी आम्ही मुलाच्या घरी पुन्हा जाणार आहोत. सोबत कुंडली नाही, हाच हिशेब नेणार आहोत. वाचकहो, तुमच्या बैठकीत असा प्रश्न निघाला, तर तुम्ही गप्प बसू नका. जयभीम!